‘चिअर अप’ म्हणजे नेमके काय? धीर, दिलासा, उभारी, की आणखी काही?

निशिगंध

नमस्कार. परदेशात नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिकांना मी इंग्रजी संभाषण शिकवते. वर्गातील बहुतेक मुली मराठी माध्यमातून शिकलेल्या आहेत. त्यांचे व्याकरण कच्चे नाही आणि शब्दसंग्रहही बरा आहे. त्या अडखळतात ते शब्दकोशाने एका शब्दात उरकून टाकलेल्या वाक्प्रयोगांपाशी. मागच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकीने जे सांगितले, त्यावरून हा धागा काढावासा वाटला.

ही मुलगी पूर्वी गोव्यातील एका रुग्णालयात रात्रपाळीला होती. इंग्लंडहून सुट्टीसाठी आलेल्या एका वृद्ध जोडप्यातील पतीचे तेथे पहाटे निधन झाले. पत्नी बाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. ही मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणाली, ‘प्लीज चिअर अप, मॅडम.’ त्या बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला. आपले काहीतरी चुकले एवढे हिला कळले, पण काय चुकले ते कोणी सांगितले नाही. तिच्याजवळच्या छोट्या शब्दकोशात ‘चिअर अप : धीर देणे, दिलासा देणे’ असे दिलेले होते, आणि तिला त्या क्षणी नेमका धीरच द्यायचा होता.

मी तिला जे सांगितले ते असे. आजच्या इंग्रजीत हा वाक्प्रयोग हलक्या आणि लवकर ओसरणाऱ्या खिन्नतेसाठी वापरतात. परीक्षेत दोन गुण कमी पडले, पावसामुळे सहल रद्द झाली, मैत्रिणीशी अबोला झाला, दिवसभराच्या कामाने मरगळ आली, अशा प्रसंगी तो शोभतो. आज्ञार्थी वापरला तर त्याचा सूर ‘चल, पुरे झाले आता, हस बघू’ असा लागतो. ज्या बाईने तासाभरापूर्वी आयुष्याचा जोडीदार गमावला आहे तिच्या कानावर हे शब्द कसे पडले असतील, याची कल्पना आपण आपल्याच भाषेत करून पाहावी. तेथे ‘आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस’ एवढेच म्हणून शेजारी बसून राहणे योग्य ठरले असते.

मग वर्गात आम्ही उलटा प्रयोग केला. ‘चिअर अप’ला आजचा मराठी प्रतिशब्द कोणता, हे शोधायला बसलो आणि तासाभरात फळा भरला. रुसलेल्या मुलाची आपण समजूत काढतो. अंथरुणाला खिळून कंटाळलेल्या माणसाचे मन रमवतो. नापास झालेल्याला उमेद देतो, खचलेल्याला उभारी देतो, घाबरलेल्याला धीर देतो आणि शोकात बुडालेल्याचे सांत्वन करतो. यातील प्रत्येक क्रियापद वापरण्याआधी समोरच्या माणसाला काय झाले आहे हे आपल्याला ठाऊक असावे लागते. इंग्रजी वाक्प्रयोगाला मात्र माणूस खिन्न आहे एवढे पुरते. खिन्नतेचे कारण तो विचारत नाही. तेव्हा या एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवणे हीच मुळात चूक आहे, असे माझे मत झाले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. शब्दकोशांनी ‘धीर देणे’ हा अर्थ कोठून घेतला? आणि आजच्या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी प्रयोग कोणता? जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

शब्दशोध

निशिगंधताई, कोशकाराला दोष देण्याआधी या शब्दाचा मागचा प्रवास पाहायला हवा, कारण ‘धीर’ हा अर्थ त्याने मनाने घातलेला नाही.

‘चिअर’चा मूळ अर्थ आनंद नसून चेहरा असा आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारा’ म्हणजे चेहरा. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘चिएर’ आणि तेथून मध्ययुगीन इंग्रजीत ‘चेरे’ असा हा शब्द आला. त्या काळात माणसाचे ‘चेरे’ चांगले असू शके तसेच वाईटही असू शके, कारण तो केवळ चेहऱ्यावरचा भाव होता. पुढे चेहरा मागे पडून मनःस्थिती हा अर्थ उरला, आणि त्यानंतर मनःस्थितीतलीही फक्त चांगली बाजू उरली. फ्रेंचमध्ये याच शब्दाला निराळी वाट फुटली. ‘फेर बॉन शेर’ म्हणजे पूर्वी प्रसन्न मुखाने स्वागत करणे. आज त्याचा अर्थ चांगलेचुंगले खाणे असा होतो. पाहुण्याचे स्वागत आणि पंगत यांचे नाते लक्षात घेतले तर हा बदल आपल्याला तरी अनोळखी वाटू नये.

आता ‘धीरा’कडे येतो. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागात आजारी राजाला दरबारातच मूर्च्छा येऊ लागते, तेव्हा भोवतालचे लोक घाबरतात आणि एक सरदार राजाला ‘चिअर अप’ करायला सांगतो, आणि त्याच वाक्यात पुढे ‘लुक अप’, म्हणजे वर पाहा, असेही म्हणतो. ‘सहावा हेन्री’च्या तिसऱ्या भागात शत्रू जवळ येऊन ठेपला असताना राणी मार्गारेट आपल्या पतीला हाच प्रयोग वापरून उत्साह धरायला सांगते. ही दोन्ही नाटके सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहेत. एका ठिकाणी मरणाची छाया आहे आणि दुसऱ्या ठिकाणी रणांगण आहे. रद्द झालेल्या सहलीपेक्षा हे प्रसंग कितीतरी जड आहेत, आणि दोन्ही ठिकाणी मराठी भाषांतरकाराच्या लेखणीतून ‘धीर धरा, महाराज’ असेच उतरेल.

दुसरा पुरावा बायबलचा आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस, येशू शिष्यांना ‘बी ऑफ गुड चिअर’ असे सांगतो. मूळ ग्रीक शब्द ‘थार्सेइते’ हा आहे आणि त्याचा अर्थ धैर्य धरा असा होतो. मराठी पवित्र शास्त्रात त्याच ठिकाणी ‘धीर धरा’ असे शब्द आहेत. म्हणजे एके काळी इंग्रजी ‘चिअर’ आणि मराठी ‘धीर’ हे खरोखरच समोरासमोर बसत होते. बदल इंग्रजीत झाला. १९७८ साली पूर्ण झालेल्या न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या भाषांतरात तेच वचन ‘टेक हार्ट’ असे करावे लागले, कारण आजच्या वाचकाला जुने शब्द फार हलके वाटले असते. इंग्रजांनी आपल्या घरातला शब्द बदलला आणि आपल्या छोट्या शब्दकोशांत मात्र जुनाच अर्थ छापला जात राहिला.

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी–मराठी शब्दकोश १८४७ सालचा आहे. ती पिढी १६११ च्या बायबलची भाषा ऐकत वाढलेली होती आणि पुढच्या लहानमोठ्या कोशकारांनी पूर्वसूरींचेच बोट धरले, असा माझा तर्क आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या हातातील अर्थ खोटा नव्हता. तो सुमारे चारशे वर्षे जुना होता.

मांडवीकाठ

शब्दशोध यांच्या प्रतिसादात एक छोटी भर घालतो. पोर्तुगीजमध्ये आजही चेहऱ्याला ‘कारा’च म्हणतात. आमच्या घरी आजोबांच्या पिढीपर्यंत पोर्तुगीज बोलली जात असे, त्यामुळे ‘कारा’ हा शब्द लहानपणापासून कानावर होता. पण ‘चिअर अप’मधला ‘चिअर’ त्याचाच भाऊबंद असेल हे मात्र आज पहिल्यांदाच कळले.

मूळ प्रसंगाबद्दल मात्र मला वेगळे वाटते. मी पर्यटनाच्या व्यवसायात आहे आणि इंग्लंडहून येणाऱ्या पाहुण्यांशी माझा रोजचा संबंध येतो. त्या बाईंनी हात बाजूला केला तो शब्दांमुळेच, असे आपण गृहीत धरले आहे. अनोळखी माणसाने खांद्यावर हात ठेवणे त्यांच्यातील अनेकांना, विशेषतः वृद्धांना, अवघड वाटते. दुःखात एकटे राहू द्यावे अशीच त्यांची अपेक्षा असू शकते. शब्द चुकीचा होता हे मान्य आहे, पण त्या मुलीने सगळा दोष शब्दाला, आणि शब्दाच्या मिषाने स्वतःला, लावून घेऊ नये असे वाटते.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला इंग्रजीचा शिक्षक आहे. अर्थाची चर्चा येथे चांगली चालली आहे, म्हणून मी रचनेबद्दल लिहितो, कारण परिचारिकांच्या परीक्षेत तीही अडवते.

हे क्रियापद दोन्ही प्रकारे चालते. कोणी आपणहून खुलला तर ‘ही चिअर्ड अप’, आणि दुसऱ्याने त्याला खुलवले तर ‘शी चिअर्ड हिम अप’. मराठीत आपण यासाठी क्रियापदाचे रूपच बदलतो: खुलणे आणि खुलवणे, रमणे आणि रमवणे, हसणे आणि हसवणे. इंग्रजीत रूप तेच राहते आणि फक्त कर्म मध्ये येऊन बसते. आमच्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे ‘चिअर अप हिम’. नाम असेल तर ते दोन्ही जागी चालते. ‘चिअर अप द पेशंट’ म्हणा किंवा ‘चिअर द पेशंट अप’ म्हणा. सर्वनाम मात्र मध्येच बसते आणि तेथे दुसरा पर्याय नाही. मी वर्गात सांगत असे की सर्वनाम हे लहान मूल आहे, त्याला आईवडिलांच्या मध्ये बसवा. मुले ते विसरत नसत.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे ‘अप’ काढला किंवा बदलला की अर्थ कोठे जातो ते. ‘द क्राउड चिअर्ड हिम’ म्हणजे जमावाने त्याचा जयजयकार केला. ‘द क्राउड चिअर्ड हिम ऑन’ म्हणजे तो धावत असताना, खेळत असताना लोकांनी आरोळ्या ठोकून त्याला हुरूप दिला. ‘द क्राउड चिअर्ड हिम अप’ म्हणजे तो खिन्न होता आणि लोकांमुळे त्याची खिन्नता गेली. तिन्ही वाक्यांत फरक एका अक्षराएवढ्या शब्दाचा आहे आणि मराठीत तिन्ही ठिकाणी वेगवेगळी क्रियापदे लागतात. आपल्याकडे आयपीएलमुळे, म्हणजे २००८ पासून, ‘संघाला चिअर करणे’ हा प्रयोग घराघरात पोहोचला आणि तेव्हापासून मुले ‘चिअर अप इंडिया’ असे फलक रंगवू लागली. त्यांना म्हणायचे असते ‘चला, जिंका’, आणि लिहिले जाते ‘वाईट वाटून घेऊ नकोस, भारता’. सामना हरल्यानंतर तो फलक दाखवला असता तर बरोबर ठरला असता.

खेळाच्या मैदानावर आमच्या लहानपणी ‘बकअप, बकअप’ असा आरडाओरडा होत असे. खो-खोच्या सामन्यात मीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. ‘बक अप’मध्ये खिन्नता सोडण्याबरोबर हातपाय हलव, घाई कर, असाही अर्थ आहे. आजारी माणसाला तो सहसा वापरू नये, त्यात धाक आहे.

पानगळ

मी काही वर्षे भाषांतराचे काम करते आहे आणि निशिगंधताईंच्या दुसऱ्या प्रश्नाशी रोज झटापट करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इंग्रजी माणूस दुसऱ्याला ‘चिअर अप’ अशी सरळ आज्ञा करू शकतो. मराठीत अशी आज्ञा करून पाहा. ‘हुरूप ये’ असे म्हणता येत नाही, ‘उमेद वाट’ असेही म्हणता येत नाही. याचे कारण आपल्या वाक्यरचनेत आहे. मराठीत माणूस उत्साही ‘होतो’ यापेक्षा माणसाला उत्साह ‘येतो’, हुरूप ‘चढतो’, आनंद ‘होतो’, वाईट ‘वाटते’. ‘मला’, ‘तुला’, ‘तिला’ अशी चतुर्थी घेऊन आपण उभे राहतो आणि भावना कोठून तरी येऊन आपल्याला भेटते. जी गोष्ट बाहेरून यायची आहे ती आणण्याची आज्ञा त्या माणसाला कशी करणार? भाषांतर करताना ‘चिअर अप!’ हे दोन शब्दांचे वाक्य मला म्हणूनच नेहमी सर्वांत कठीण गेले आहे.

यात ‘धीर’ मात्र अपवाद आहे. धीर आपण ‘धरतो’, ‘सोडतो’, दुसऱ्याला ‘देतो’. तो आपल्या हातून ‘सुटतो’ आणि कधी ‘खचतो’ही. म्हणजे धीर ही हातात धरण्याची वस्तू आहे आणि म्हणून ‘धीर धर’ अशी आज्ञा करता येते. शब्दशोध यांनी इतिहास सांगितला तो पटला, पण आपल्या कोशकारांना ‘धीर’ शब्द जवळचा वाटण्याचे हेही एक कारण असावे. इंग्रजी आज्ञार्थाला समोर तितकाच सहज आज्ञार्थ हवा होता आणि मराठीत तो धीराशिवाय फारसा कोणाकडे नव्हता.

मग मराठी माणूस दुसऱ्याचे मन हलके कसे करतो? माझ्या अनुभवात तो मनाला सोडून शरीराला आज्ञा करतो. ‘ऊठ, तोंड धुऊन ये, मी चहा टाकते.’ ‘डोळे पूस आधी.’ ‘चार घास खाऊन घे, मग बोलू.’ ‘किती वेळ असं तोंड पाडून बसणार आहेस? चल, चौकापर्यंत जाऊन येऊ.’ माझी आजी कोणाच्याही मनाबद्दल थेट बोलत नसे. तिचे बोलणे नेहमी तोंड, डोळे, पोट आणि पाय यांच्याबद्दल असे, आणि ऐकणाऱ्याला पुरते कळत असे की हे आपल्या मनासाठी चालले आहे. एका गोष्टीत दोन मैत्रिणींचा संवाद भाषांतरित करताना मी ‘चिअर अप’च्या जागी ‘चल, वेणी घालून देते तुझी’ असे लिहिले. संपादकांनी आधी हरकत घेतली, नंतर पूर्ण उतारा वाचून ते वाक्य तसेच ठेवले. एका शब्दासाठी एक शब्द शोधत बसण्यापेक्षा त्या प्रसंगी, त्या नात्यात, आपली माणसे काय बोलतात हे शोधावे, असे मला वाटते.

आता चेहऱ्याबद्दल. शब्दशोध यांचा प्रतिसाद वाचताना मला आनंद झाला तो यासाठी की मूळ ‘चिअर’प्रमाणेच मराठीतही मनाची अवस्था चेहऱ्यावरच राहते. चेहरा पडतो, उतरतो, सुकतो, कोमेजतो. आणि मग खुलतो, फुलतो, उजळतो. इंग्रजीत चांगली मनःस्थिती वर असते आणि वाईट खाली, आणि ‘अप’ हा शब्द त्याच कल्पनेतून येतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अभ्यासकांनी १९८० साली ही वरखालीची कल्पना फार सविस्तर मांडली. आपल्याकडेही चेहरा पडतो, मन खचते आणि उभारी येते, म्हणजे वरखाली आहेच. पण आनंदाकडे जाताना मराठीला फूल अधिक आठवते. कळी खुलते, चेहरा फुलतो, मन प्रफुल्लित होते, आणि ‘प्रफुल्ल’ म्हणजे तरी पूर्ण उमललेलेच. इंग्रजी मन वर चढते आणि मराठी मन उमलते. म्हणून आजच्या ‘चिअर समवन अप’ला सर्वांत जवळचा प्रयोग म्हणून माझे मत ‘कळी खुलवणे’ याला आहे. त्यात खिन्नता हलकी आहे, नाते जवळचे आहे आणि थोडा लाडही आहे.

मांडवीकाठ

पानगळ, ‘कळी खुलणे’ मला मुलांपुरते किंवा फार तर तरुण मुलीपुरते ठीक वाटते. सत्तर वर्षांच्या गृहस्थांची कळी खुलली असे लिहिले तर वाचक थबकेल. तेथे ‘त्यांना बरे वाटले’ एवढे साधे का लिहू नये?

पानगळ

आपले म्हणणे पटते. ‘बरे वाटणे’ हा फार मोठ्या ताकदीचा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रयोग आहे. ताप उतरला तरी बरे वाटते आणि नातू भेटून गेला तरी बरे वाटते. ‘द लेटर चिअर्ड हिम अप’ याचे भाषांतर ‘पत्र आल्याने त्यांना बरे वाटले’ असे केले तर त्यात काही उणे राहत नाही. वयस्क व्यक्तीसाठी मी यापुढे हेच वापरेन.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या शहरात राहतो आणि हा धागा वाचताना मला राहवले नाही, कारण आमच्या शहराच्या अधिकृत मुद्रेवर ‘व्हॉट चिअर’ हेच शब्द कोरलेले आहेत. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी आहे की १६३६ साली या शहराचा संस्थापक रॉजर विल्यम्स नदी ओलांडून या बाजूला येत असताना काठावरील नारागान्सेट या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी त्याला ‘व्हॉट चिअर, नेटॉप’ अशी हाक दिली. ‘नेटॉप’ हा त्यांच्या भाषेतील मित्र या अर्थाचा शब्द आहे, आणि ‘व्हॉट चिअर’ हे तेव्हाच्या इंग्रजांचे रोजचे अभिवादन होते. शब्दशः घेतले तर ‘चेहरा कसा आहे?’, म्हणजेच ‘कसे काय, मित्रा?’ लंडनच्या बोलीतील ‘वॉचर’ हे अभिवादन याच दोन शब्दांचे झिजलेले रूप आहे.

चेहऱ्यावरून खुशाली विचारण्याची पद्धत आपल्याकडेही आहेच. मी फोनवर आईला चेहरा दाखवला की तिचे पहिले वाक्य ‘चेहरा का उतरलाय?’ असेच असते.

आणखी एक गोष्ट निशिगंधताईंच्या विद्यार्थिनींसाठी आवर्जून सांगावीशी वाटते, कारण त्या इंग्लंडला जातील. तेथे माझी बहीण काही वर्षे राहिली. रस्त्यात अनोळखी पुरुष एकट्या चालणाऱ्या बाईला ‘चिअर अप, इट माइट नेव्हर हॅपन’ असे म्हणून जातात. म्हणजे ज्याची चिंता करते आहेस ते कदाचित घडणारही नाही, हस जरा. बोलणाऱ्याला ती थट्टा वाटते, पण तेथील असंख्य स्त्रियांना हे वाक्य मनापासून नकोसे वाटते. आपल्या चेहऱ्यावर कोणता भाव असावा हे परक्याने का सांगावे, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. माझ्या बहिणीला हे वाक्य दोनदा ऐकावे लागले, त्यातील एकदा ती आमच्या वडिलांना रुग्णालयात दाखल केल्याची बातमी ऐकून घरी चालली होती. हात बाजूला करणाऱ्या त्या बाईंच्या कानात हे दोन शब्द कोणत्या आठवणी घेऊन शिरले असतील, याचा विचार करता मला निशिगंधताईंचा अंदाज बरोबर वाटतो.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आज वर्गात हा सर्व धागा मोठ्याने वाचून दाखवला.

मांडवीकाठ, आपला स्पर्शाबद्दलचा मुद्दा मी त्या मुलीला सांगितला. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की हे कोणीतरी आधी सांगितले असते तर गेली दोन वर्षे तो प्रसंग तिच्या मनाला इतका लागून राहिला नसता. आपण ते लिहिले याबद्दल मी आपली ऋणी आहे. शब्द आणि स्पर्श यांपैकी नेमके कशाने दुखावले हे आता कळण्याचा मार्ग नाही, म्हणून यापुढे दोन्ही शिकवायचे असे मी ठरवले आहे.

शब्दशोध यांनी दिलेला बायबलचा दाखला वर्गातील दोन ख्रिस्ती मुलींना लगेच पटला. ‘धीर धरा’ हे वचन त्यांना मराठीतून पाठ आहे, आणि इंग्रजी पुस्तकात तेथे ‘टेक हार्ट’ असल्याचेही त्यांनीच सांगितले. शोकाच्या प्रसंगी ‘टेक हार्ट’ चालेल का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. बोलण्यात ते फार पुस्तकी वाटते, आणि शोकात असलेल्या माणसाला कोणत्याच प्रकारची आज्ञा करू नये, हे पानगळ यांच्या विवेचनानंतर मला अधिकच पटले आहे. ‘धीर’ या शब्दाबद्दल एक आठवण करून द्यावीशी वाटते. ‘जरा धीर धर, गाडी येईलच’ असे म्हणताना आपण वाट पाहायला सांगत असतो. दुःखातही आपण ‘धीर धर’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी वाट पाहण्याची विनंती मिसळलेली असते. ‘चिअर अप’मध्ये हे अजिबात नाही, तेथे सगळे आताच्या आता व्हायला हवे असते.

खडूफळा सर, आईवडिलांच्या मध्ये बसलेले मूल मुलींना फार आवडले. ‘बक अप’ वापरू नये हेही वहीत उतरवून घेतले आहे. एक शंका मात्र राहिली. रुग्णांच्या नोंदींत ‘पर्क्ड अप आफ्टर टी’ असे लिहिलेले आढळते. त्याला काय म्हणावे?

खडूफळा

‘पर्क अप’ म्हणजे तरतरी येणे. ‘चिअर अप’मध्ये आधी मन येते आणि मग शरीर, ‘पर्क अप’मध्ये आधी शरीर जागे होते. माना टाकलेल्या रोपाला पाणी घातल्यावर ते टवटवीत होते त्यालाही इंग्रजीत ‘पर्क अप’ म्हणतात, पण रोपाला ‘चिअर अप’ म्हणत नाहीत. ‘चहा घेतल्यावर रुग्णाला तरतरी आली’ हे भाषांतर चोख आहे. खोलीला मात्र ‘चिअर अप’ चालते. खिडकीत फुले ठेवली, पडदे बदलले की ‘इट चिअर्ड अप द रूम’. मराठीत अशा वेळी खोली प्रसन्न वाटू लागते.

निशिगंध

सर, उत्तर मिळाले. त्याच मुलीने आज मुलांच्या वॉर्डातील एक वाक्य भाषांतरासाठी घेतले होते: ‘वी ट्राइड टु चिअर द बॉय अप बिफोर हिज ऑपरेशन.’ वर्गात दोन तट पडले. एक तट ‘शस्त्रक्रियेआधी आम्ही त्या मुलाची कळी खुलवण्याचा प्रयत्न केला’ यावर ठाम आहे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की शस्त्रक्रियेआधी मूल रुसलेले नसते, घाबरलेले असते, तेव्हा मुलाला हसतेखेळते ठेवले असे म्हणावे. ती स्वतः दुसऱ्या तटात आहे. तिने वहीत लिहिले ते असे: ‘शस्त्रक्रियेला नेईपर्यंत आम्ही त्याला खेळवत ठेवले.’